जुन्या मस्टँगच्या तळाचा मूळ रंग कसा शोधायचा

साठच्या दशकातली फोर्ड मस्टँग रिस्टोअर करायला घेतली, तर बाहेरचा रंग शोधायला फार वेळ लागत नाही. दाराच्या पट्टीवर कोड असतो. १९६५च्या गाडीत ए म्हणजे रेव्हन ब्लॅक, एम म्हणजे विम्बल्डन व्हाइट, जे म्हणजे रंगून रेड. तळाला, म्हणजे फ्लोअरच्या खालच्या बाजूला जो रंग मारला होता, त्याचा कोड मात्र गाडीवर कुठेच नाही. १९६७ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून जो मार्टी रिपोर्ट मिळतो, त्यातही तो नसतो. तळाचा रंग गिऱ्हाईकाने निवडलेला नव्हता. तो पत्रा गंजू नये म्हणून मारलेला होता, आणि त्या आठवड्यात कारखान्यात जे उपलब्ध होतं ते मारलेलं होतं.

म्हणून या शोधात तुमची गाडी हाच मुख्य पुरावा. तक्ते, फोटो, जाणकारांची मतं यांचा नंबर त्यानंतर. आणि हा पुरावा एकदाच वाचता येतो. गाडी लिफ्टवर चढवल्यावर पहिल्याच दिवशी प्रेशर वॉशर लावला किंवा बॉडी थेट सँडब्लास्टिंगला पाठवली, तर पुढे काहीही करून ती माहिती परत मिळत नाही. तेव्हा खाली सांगितलेलं सगळं काम धुण्याच्या आधीचं आहे.

आधी कारखाना ओळखा

मस्टँग तीन कारखान्यांत बनली. मिशिगनमधलं डिअरबॉर्न, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे आणि न्यू जर्सीतलं मेटचन. उत्पादन सुरू झालं डिअरबॉर्नला, मार्च १९६४ मध्ये. त्याच वर्षी पुढे सॅन होजे आलं आणि १९६५च्या सुरुवातीला मेटचन. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना यातल्या दोन जागा चांगल्याच ओळखीच्या असतील. मेटचनचा कारखाना प्रत्यक्षात एडिसन गावात होता आणि २००४ मध्ये बंद झाला. सॅन होजेचा कारखाना होता मिल्पिटासला. आज जिथे ग्रेट मॉल आहे, तीच ती इमारत. तुम्ही जिथे सहज खरेदीला जाता तिथून या गाड्या बाहेर पडल्या आहेत, आणि त्यांच्या तळाला काय फासलं गेलं हे तिथल्याच रंगकामाच्या लाइनवर ठरत होतं.

व्हिन नंबरचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, पहिला आकडा वर्ष सांगतो, त्यापुढचं अक्षर कारखाना. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. नंबर ५एफने सुरू होत असेल तर गाडी १९६५ची, डिअरबॉर्नची. हा नंबर दारावरच्या पट्टीवरून घेऊ नका. साठ वर्षांत दार बदललेलं असू शकतं आणि पट्टी दाराबरोबर आलेली असू शकते. इंजिनच्या खोलीत ड्रायव्हरच्या बाजूच्या एप्रनवर, म्हणजे चाकावरच्या आतल्या पत्र्यावर, फेंडरच्या कडेला ठोकलेला नंबर वाचा आणि पट्टीशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर पट्टीवरची तारीखही उपयोगी पडते. १२सी म्हणजे १२ मार्च. महिन्यांना ए पासून क्रमाने अक्षरं दिली आहेत, फक्त आय वगळलेलं आहे. ही ठरवलेली तारीख आहे. गाडी त्याच दिवशी बाहेर पडली असेलच असं नाही. तरीही त्याच कारखान्यातली, त्याच पंधरवड्यातली दुसरी न छेडलेली गाडी शोधायला ती पुरेशी आहे. तशी गाडी सापडली तर तिचा तळ कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचा.

कारखाना कळल्यावर अपेक्षा काय ठेवायची? डिअरबॉर्नच्या अनेक गाड्यांखाली रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे लालसर तपकिरी अस्तराचा रंग, सापडतो. सॅन होजेच्या गाड्यांखाली राखाडीच्या तऱ्हेतऱ्हेच्या छटा दिसतात. कारण उरलेले रंग आणि प्रायमर एकत्र करून जे मिश्रण तयार होई, ते तळाला वापरलं जाई. अशा मिश्रणाचा रंग प्रत्येक वेळी वेगळा: कधी निळसर, कधी हिरवट, कधी मातकट तपकिरीकडे झुकणारा. मेटचनच्या गाड्यांनाही एकच एक नियम लावता येत नाही. म्हणून ‘डिअरबॉर्न म्हणजे लाल, सॅन होजे म्हणजे राखाडी’ हे डोक्यात ठेवून तळाखाली गेलात, तर डोळ्यांना तेच दिसेल. अपेक्षा कागदावर लिहा, बाजूला ठेवा आणि मग बघायला लागा.

रंग तिथे कसा पोहोचला

हा क्रम नीट कळला की पुढचं निम्मं काम सोपं होतं. बॉडी वेल्डिंग होऊन आली की ती धुऊन तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होई. त्यावर प्रायमर. मग पत्र्यांच्या जोडांवर फटी बुजवणारा सीलर, तोही घाईने, ब्रशने किंवा बोटाने फासलेला. नंतर बाहेरचा इनॅमल रंग बाजूंनी फवारला जाई आणि भट्टीत भाजला जाई. बाजूंनी फवारताना रंगाची धूळ खालीही उडे, तोच ओव्हरस्प्रे. रॉकर पॅनलच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या, खालच्या शिवणीवर, म्हणजे पिंच वेल्डवर, गाडीचा रंग जाड बसे आणि तिथून आत, फ्लोअरच्या मधोमध जाताना विरळ होत जाई. चाकांच्या खाचांत आवाज दाबणारं काळं द्रव्य फवारलं जाई, तेही कुठे जाड, कुठे नुसते शिंतोडे.

इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, स्प्रिंगा, पेट्रोलची टाकी हे सगळं रंगकाम झाल्यावर बसलं. म्हणजे या भागांच्या खाली, त्यांच्या क्लिपांच्या मागे जो रंग आहे तो कारखान्यातला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि या भागांवरच तळाचा रंग उडालेला दिसला, तर तो रंग नंतर कुणीतरी मारलेला आहे.

धुण्याआधी

गाडी सपाट जमिनीवर, चार मजबूत स्टँडवर किंवा लिफ्टवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. तळाचं एक साधं चित्र काढा, त्यावर चौकटी आखा, प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. मास्किंग टेपवर तेच क्रमांक लिहून गाडीला चिकटवा. मग प्रत्येक चौकटीचे फोटो काढा, फोटोतला रंग ताडता यावा म्हणून शेजारी राखाडी संदर्भ-कार्ड धरून. घाणीचेही फोटो हवेत. चिखलाखाली सीलरचे ओघळ कसे गेले आहेत, ओव्हरस्प्रे कुठे संपतो, गंज कुठून सुरू होतो, हे पुढे काही महिन्यांनी आठवणीतून सांगता येत नाही.

तब्येतीची काळजी इथूनच सुरू होते. त्या काळच्या रंगांत शिसं असे. काही अंडरकोटिंगमध्ये, म्हणजे तळाला फासायच्या संरक्षक थरांत, आणि पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही वापरलेलं असे. कोरडा सँडपेपर घासू नका, वायर व्हील लावू नका, हवेने धूळ उडवू नका. जे घासायचं ते ओलं, आणि बारीक धूळ व रसायनांची वाफ दोन्ही अडवेल असा मास्क लावून. कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काळजीने पाळा.

कुठे बघायचं

उघड्या फ्लोअरवरून निर्णय घेऊ नका. पाणी, मीठ, दगडांचे मार, तेल यांनी तिथला रंग बदललेला असतो. झाकलेल्या जागा शोधा. मस्टँगमध्ये मी ज्या जागांवर सर्वांत जास्त भरवसा ठेवतो त्या अशा.

पेट्रोलची टाकी. या गाड्यांत टाकी डिकीच्या फ्लोअरमधल्या भोकात वरून बसते आणि तिची कड चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेली असते. टाकी उचलली की त्या कडेखाली फ्लोअरची एक पूर्ण चौकट उघडी होते, जिच्यावर ऊन पडलेलं नाही आणि रस्त्याचा मारही बसलेला नाही. टाकी आधी कधी काढली गेली असेल तर तिथे नवं सीलर दिसेल. तसं असेल तर तेवढ्या जागेवर कमी विश्वास ठेवा.

सीटखालची रबरी बुचं. सीटचे नट तळाच्या बाजूने, प्लॅटफॉर्मच्या भोकांतून आवळतात आणि त्या भोकांवर रबरी बुचं असतात. बूच हळूच काढा. त्याच्या ओठाखाली रंगाचं एक स्वच्छ कडं मिळतं. बुचाच्या बाहेरच्या बाजूवरच तळाचा रंग असेल, तर तो थर नंतरचा.

ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांच्या क्लिपा, हँडब्रेक केबलचे ब्रॅकेट, मागच्या स्प्रिंगांचे शॅकल जिथे पत्र्याला टेकतात ती जागा, गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरची टोकं. हे सगळे छोटे तुकडे आहेत, पण ते गाडीच्या वेगवेगळ्या भागांत आहेत, आणि तेच त्यांचं मोल.

सीलरची खालची बाजू. जिथे सीलर सुटत आला आहे तिथे प्लास्टिकच्या पातीने एक पोपडा उचला आणि उलटा करून बघा. सीलर प्रायमरवर बसलेला असल्याने त्याच्या पोटाला प्रायमर चिकटून येतो. त्या पोपड्याच्या वरच्या बाजूला गाडीचा रंग किंवा ओव्हरस्प्रे असेल, तर एकाच तुकड्यात कारखान्याचा सगळा क्रम हाती आला. असा तुकडा काचेच्या पट्टीवर चिकटवून जपून ठेवा.

फ्रेम रेलच्या भोकांतून छोटा कॅमेराही आत घालून बघता येतो. मात्र आत रंग पूर्ण पोहोचलेला नसतो, आणि दिव्याच्या उजेडात छटा फसवी दिसते. आत काय आहे एवढं पाहा, रंग तिथून ठरवू नका.

काही जागा मुद्दाम टाळा. एक्झॉस्टच्या आसपासचा रंग उष्णतेने काळवंडतो. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सखाली तेलाने तो तपकिरी होतो. नवा पत्रा वेल्ड केलेला फ्लोअर तर अजिबात नको: बदली पत्र्याचा प्रायमर त्याचा स्वतःचा असतो, त्याचा तुमच्या गाडीच्या कारखान्याशी संबंध नाही.

डांबरी थर काढताना

डीलरकडे किंवा नंतरच्या मालकाने मारलेलं डांबरी अंडरकोटिंग पाहून अनेकजण वैतागतात. मला ते दिसलं की बरं वाटतं. त्याच्याखाली पत्रा धड असेल तर रंगही धड असतो. (हीच गोष्ट आपल्याकडच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट ११०० आणि पद्मिनीला लागू आहे. पावसाळ्याआधी फासलेल्या डांबराच्या थरांखाली मूळ रंग टिकून असू शकतो. शोधायची रीत तीच, फक्त अमेरिकन तक्ते तिथे निरुपयोगी.)

घाई न करता तळहाताएवढ्या जागेवर काम करा. हीट गन कमी तापमानावर ठेवा, थर मऊ होईल एवढंच तापवा. धूर निघाला तर फार झालं. मऊ झालेला थर प्लास्टिकच्या पातीने ढकला. लोखंडी पाती वापरू नका, तिची धार प्रायमरमध्ये घुसते. दुसरा मार्ग कोरड्या बर्फाचा: थंडीने डांबर ठिसूळ होऊन तुकड्यांनी सुटतं, आणि खालच्या रंगाला रसायन लागत नाही. बर्फ हाताळताना जाड हातमोजे आणि मोकळी हवा पाहिजे. उरलेला पातळ काळा थर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने, एका दिशेने पुसा. फडक्यावर नुसतं काळं येतंय तोवर ठीक. फडक्यावर लाल किंवा राखाडी यायला लागलं की लगेच थांबा, कारण आता रंग सुटतो आहे. पेट्रोल वापरू नका. ते आगीला आमंत्रण आहे. लॅकर थिनरही इथे नको. तो फक्त पुढच्या चाचणीसाठी, कापसाच्या बोळ्यापुरता.

गंज की रेड ऑक्साइड?

लालसर तपकिरी दिसलं की ‘मिळाला’ असं म्हणून बहुतेकजण इथेच फसतात. रेड ऑक्साइड प्रायमरमधलं रंगद्रव्य आणि गंज दोन्ही लोहाचे ऑक्साइड, त्यामुळे नुसत्या नजरेने फरक करणं अवघड आहे. धारदार ब्लेड तिरकं धरून अगदी हलकं फिरवा. रंग असेल तर गुळगुळीत पापुद्रा निघेल, गंज असेल तर भुकटी. दहापट भिंगातून गंज दाणेदार आणि खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो, तर प्रायमरचा पृष्ठभाग सलग असतो, त्याची कड स्वच्छ तुटते. तरी शंका राहिली तर एका कोपऱ्यात फॉस्फरिक आम्लाचा थेंब टाका. गंज काळसर होतो. रंगाच्या बंधकात, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या द्रव्यात, अडकलेल्या ऑक्साइडमध्ये असा बदल सहसा दिसत नाही. नंतर ती जागा पाण्याने पुसून कोरडी करा.

थर वाचणे

आता खरं काम. अर्धा इंच जागा निवडा. ओला ६०० नंबरचा पेपर बोटाच्या टोकावर घेऊन गोल गोल, एकाच बिंदूभोवती घासा, धातू अगदी टिचभर दिसेपर्यंत. मग १००० आणि १५०० नंबरने कडा उतरत्या करा. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे थर एकाभोवती एक उघडतात: मधोमध धातू, त्याभोवती फॉस्फेटची पुसट राखाडी छटा, मग प्रायमर, मग ओव्हरस्प्रे असेल तर तो, सर्वांत बाहेर नंतरचे थर. वर पाण्याचा किंवा पारदर्शक मिनरल तेलाचा थेंब टाका. मळकट, खडूसारखा झालेला रंग ओला झाला की त्याची खरी खोली दिसते. भिंगातून किंवा स्वस्तातल्या यूएसबी मायक्रोस्कोपमधून फोटो काढा.

कारखान्यातल्या थरांमध्ये धूळ नसते. दोन थरांच्या मधे मातीचे कण, तेलाची रेघ किंवा गंजाचे ठिपके दिसले, तर वरचा थर गाडी रस्त्यावर आल्यानंतरचा. बोल्टच्या डोक्यांवर, नळ्यांवर, रबरावर सलग पसरलेला रंगही तसाच. कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनर घेऊन दहाएक सेकंद टेकवा: स्प्रे कॅनमधला रंग किंवा लॅकर पटकन विरघळून बोळ्यावर येतो, तर फोर्डचा भाजलेला इनॅमल सहजी येत नाही. ही चाचणी जनरल मोटर्सच्या गाडीला जशीच्या तशी लावू नका. त्यांचा बाहेरचा मूळ रंगच अ‍ॅक्रिलिक लॅकर होता, म्हणजे त्यांच्या तळावर उडालेला ओव्हरस्प्रे अस्सल असूनही थिनरने निघेल.

छटा मोजताना

झाकून राहिलेला रंग अगदी जसाच्या तसा राहतो असं समजू नका. तेलयुक्त बंधकाचे रंग अंधारात पिवळे पडतात. राखाडी प्रायमर त्यामुळे किंचित हिरवट किंवा मातकट वाटतो. उघडी केलेली जागा काही दिवस थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात ठेवली, तर हा पिवळेपणा बराचसा उतरतो. मोजमाप त्यानंतर करा.

ढगाळ दिवशी, दुपारी, मोकळ्या उजेडात रंगपट्ट्या शेजारी धरा. गॅरेजमधल्या एलईडीखाली ठरवलेली छटा बाहेर आणली की वेगळी दिसू शकते. रंगाच्या दुकानातलं छटा मोजणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, वापरणार असाल तर त्याला सपाट आणि साधारण बोटाच्या नखाएवढी तरी एकसारखी जागा लागते. वलयांच्या मधे तो ठेवला तर दोन थरांची सरासरी मिळेल, जी कोणत्याच थराची नसेल. तीन वेगवेगळ्या जागांचं वाचन घ्या. यंत्र जे सूत्र देईल ते अंतिम मानू नका. कार्डावर फवारून, वाळवून, गाडीखाली नेऊन मूळ जागेशेजारी धरा. एकदा दिवसाच्या उजेडात, एकदा दिव्याखाली. दोन्हीकडे जुळलं तरच पुढे जा. चमकही जुळवायची आहे. तळाचा रंग मंद असतो, आणि आजचा चकचकीत इपॉक्सी तसाच मारला तर बरोबर छटा असूनही तळ चुकीचा दिसतो. रंगात मॅट करणारं द्रव्य किती घालायचं हे कार्डांवरच ठरवा.

पुरावे जुळले नाहीत तर

गाडीच्या तीन दूरदूरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या जागांत सर्वांत खालचा थर एकच निघाला, तर माझ्या मते निर्णय झाला, तक्ता काहीही म्हणो. पुढे एक आणि मागे दुसरा रंग निघाला, तर आधी दुरुस्तीच्या खुणा शोधा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल, ठराविक अंतराने असतात. सलग वेल्ड किंवा घासून काढलेली शिवण दिसली तर तो भाग बदललेला आहे. तसं काही नसेल तर दोन्ही रंग खरे असू शकतात. मिश्रणाच्या रंगात अशी तफावत येते. अशा वेळी तळाच्या मधल्या, सर्वांत मोठ्या भागाची छटा धरावी आणि तफावतीचे फोटो फाइलमध्ये ठेवावेत. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकेच्या कॉन्कोर्स वर्गात, म्हणजे गाडी किती मूळसारखी आहे हे तपासणाऱ्या स्पर्धेत, गाडी उतरवायची असेल तर ही फाइल बरोबर न्या. तुमचा तळ परीक्षकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला, तर दाखवायला तोच आधार असेल.

परत रंगवताना

बॉडी फिरत्या सांगाड्यावर उलटी करून रंगवणं सोयीचं असतं, पण कारखान्यात गाडी सरळ होती. उलट्या बॉडीवर सीलरचे आणि रंगाचे ओघळ छताच्या दिशेने जातात, आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. तळाचा सलग थर उलटा मारला तरी चालेल. सीलर फासताना आणि बाहेरच्या रंगाचा ओव्हरस्प्रे देताना मात्र बॉडी सरळ करा आणि गन बाजूने, रॉकरच्या उंचीवर धरा. तुमच्या पहिल्या फोटोंत ओव्हरस्प्रे जिथपर्यंत पोहोचला आहे तिथपर्यंतच जाऊ द्या. दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, साध्या मास्कवर भागवू नका.

एक जागा रंगवूच नका. सीटखालच्या एका रबरी बुचाच्या आतलं कडं मूळ अवस्थेत ठेवा, त्यावर बूच बसवा आणि कोणत्या चौकटीत ते आहे हे चित्रावर लिहा. सीलरचे पोपडे, फवारलेली कार्डं, रंगाचं सूत्र आणि फोटो एकाच पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, म्हणजे गाडी विकली गेली तर ते तिच्याबरोबर जाईल.